केटलची पॅरामीटरवाली मॅपिंग्ज हॉपमध्ये आणताना: आयात-सुविधेचे परीक्षण

बेळगाव आणि चंदगड अशी दोन्हीकडे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या विक्रीनोंदी हाताळताना राज्याचा संकेतांक मॅपिंगमध्ये, म्हणजे नोंदीतली माहिती कशी बदलून कोणत्या रकान्यात जावी हे ठरवणाऱ्या रचनेत, कायमचा लिहून चालत नाही. बेळगावातून धारवाडला गेलेल्या मालावर वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य असा विभागून लागतो, तर तोच माल गडहिंग्लजला गेला की एकात्मिक कर लागतो. चंदगडच्या नोंदणीसाठी हे गणित उलटे होते. म्हणून कर्नाटकाचा २९ किंवा महाराष्ट्राचा २७ हा आकडा पॅरामीटर म्हणून, म्हणजे काम चालवताना दर वेळी देता येणारे मूल्य म्हणून, बाहेरूनच द्यावा लागतो. पेंटाहो केटल आणि अपाचे हॉप ही एका ठिकाणची माहिती उचलून, बदलून दुसरीकडे भरणारी साधने आहेत. अशा मॅपिंग्जनी भरलेला केटलचा जुना संसार हॉपमध्ये हलवणारी हॉपची आयात-सुविधा मी याच कसोटीवर पाहिली.

हॉप २०१९ मध्ये केटलच्याच कोडमधून वेगळे झाले आणि ते विनामूल्य आहे. जुना फोल्डर दाखवला की केटलच्या ट्रान्सफॉर्मेशनची (माहिती बदलणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीची) हॉपमध्ये पाइपलाइन होते व जॉबचा (अशा साखळ्या क्रमाने चालवणाऱ्या कामाचा) वर्कफ्लो होतो. पॅरामीटरचे नाव, डीफॉल्ट (बाहेरून काही न दिल्यास वापरायचे) मूल्य आणि वर्णन सोबत येते. केटल.प्रॉपर्टीज या केटलच्या सामायिक फाइलमधील व्हेरिएबल्स (नाव दिलेली मूल्ये) प्रकल्पाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जातात. डेटाबेस जोडण्यांची व्यवस्था मला सर्वांत शहाणपणाची वाटली: केटलमध्ये फाइलीफाइलीच्या पोटात असणारी जोडणी येथे स्वतंत्र मेटाडेटा (सर्व कामांना वापरता येणारी वेगळी नोंद) म्हणून ठेवली जाते, आणि एकाच नावाच्या भिन्न जोडण्या ओळखता याव्यात म्हणून त्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये मिळते. ती यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. हॉपमध्ये नसलेल्या प्लगइनच्या (साधनाला वरून जोडलेल्या भागांच्या) पायऱ्या मात्र हातानेच नव्याने रचाव्या लागतात.

खरी काळजी डीफॉल्ट मूल्यांची घ्यावी लागते. पॅरामीटरला बाहेरून काही मिळाले नाही तर पाइपलाइन थांबत नाही. ती डीफॉल्ट उचलते आणि बिनबोभाट पूर्ण होते. चंदगडच्या नोंदी चुकून २९ वर चालल्या तर कोल्हापूरची साधी राज्यांतर्गत विक्री एकात्मिक कराच्या रकान्यात जाऊन बसेल, आणि लॉगमध्ये, म्हणजे काम कसे चालले याच्या नोंदीत, सारे हिरवे दिसेल. हा आयातीचा दोष नव्हे, कारण केटलही असेच वागत असे. पण जुनी वेळापत्रके ज्या ठिकाणाहून मूल्ये पुरवत होती ते ठिकाण आयातीबरोबर येत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे वर्कफ्लोमधील प्रत्येक पाइपलाइन-कृतीत पॅरामीटर खाली पाठवण्याची खूण तपासावी, आणि राज्य-संकेतांकासारख्या नाजूक पॅरामीटरला चालणारे डीफॉल्ट मुळीच ठेवू नये. सर्व्हरचा पत्ता व फाइलींचे मार्ग हॉपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (ठिकाणानुसार बदलणाऱ्या मूल्यांच्या संचात) ठेवावेत. संकेतांक मात्र काम चालवणाऱ्या हॉप-रनच्या आदेशातच लिहावा.

ज्यांची कामे साध्या फाइलींत साठवलेली आहेत, त्यांना मी ही सुविधा निःसंकोच सुचवीन. जुने साधन बंद करण्यापूर्वी एकाच महिन्याच्या नोंदी २७ आणि २९ अशा दोन्ही मूल्यांवर दोन्ही साधनांत चालवाव्यात आणि तिन्ही करांच्या बेरजा रुपया-पैशापर्यंत जुळवून घ्याव्यात.