ओरेगनमधलं सायलोसायबिन सेंटर: माजी सैनिकाच्या बायकोचा अनुभव

माझा नवरा अमेरिकी सैन्यातून इराकला जाऊन आला, त्याला बरीच वर्षं झाली. झोप अजून तुटकीच, आणि दार आपटलं तरी दचकतो. पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक त्रासासाठी, एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) मान्यता असलेली औषधं दोनच, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन. दोन्ही घेऊन झाली. मग ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या एका परवानाधारक सेंटरमध्ये नाव नोंदवलं. तिथे सायलोसायबिन, म्हणजे काही मशरूममधला भ्रम निर्माण करणारा पदार्थ, देखरेखीखाली देतात.

सगळ्यात जास्त गुण तयारीच्या बैठकीला. ती कायद्यानेच सक्तीची आहे आणि फॅसिलिटेटर (सत्रात सोबत बसणाऱ्या परवानाधारक) बाईंनी ती मनापासून घेतली. कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं; लिथियम चालू असेल तर घेतच नाहीत. घाबरल्यावर हात धरलेला चालेल का, याचीही आधी लेखी संमती घेतली. नवऱ्याने एकच मागणी केली, दाराकडे पाठ नको. सत्राच्या दिवशी गादी भिंतीला टेकवलेली होती, दार समोर. एवढ्यावरच माझा विश्वास बसला.

मशरूम तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली घ्यायचं; घरी नेता येत नाही. ठरलेली वेळ संपेपर्यंत सोडत नाहीत, गाडीही चालवू देत नाहीत. न्यायला मी गेले. रडून डोळे सुजले होते, पण वाटेत तो युद्धात जीव गमावलेल्या मित्राबद्दल बोलला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. बरा झाला असं म्हणणार नाही. झोप मात्र सुधारली आहे.

२०२० मध्ये ओरेगनच्या मतदारांनी अशा सेंटरांना परवानगी देणारा मेझर १०९ हा प्रस्ताव मंजूर केला, २०२३ मध्ये सेंटरं सुरू झाली. पण या कायद्याखाली फॅसिलिटेटर डॉक्टर असायलाच हवा असं नाही, आणि त्या भूमिकेत त्याला आजाराचं निदान किंवा उपचार करता येत नाहीत. केंद्रीय कायद्यात सायलोसायबिन अजून शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत आहे. त्यामुळे ना विमा, ना सरकारी मदत, सगळा खर्च खिशातून. लढायला पाठवताना खर्च सरकारने केला, मग हा सैनिकाच्या माथी का? टेक्सासने २०२५ मध्ये आयबोगेन या अशाच एका वनस्पतिजन्य पदार्थाच्या चाचण्यांसाठी पाच कोटी डॉलर मंजूर केले, तसा पैसा इथेही यायला हवा.

भारतातल्या वाचकांसाठी: तिकडे हे एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, कुणाकडून मागवू नका. इथे जाणार असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी घ्या.