डेबिट की क्रेडिट? आधी बघा, पैसे कोणाचे अडकतात

नोकरी लागून पगार खातं उघडलं की काही महिन्यांत फोन सुरू होतात : ‘सर, तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ह्ड क्रेडिट कार्ड आहे, लाइफटाइम फ्री.’ डेबिट कार्ड पाकिटात असतंच, भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं यूपीआयवर भागतं, मग हे आणखी एक कशाला? घरातली मोठी माणसं तर ‘उधारीचं खूळ नको’ म्हणून विषयच संपवतात. त्यांची भीती खोटी नाही, पण अर्धीच बरोबर आहे.

दुकानातल्या मशीनवर कार्ड टेकवताना दोन्हींत काहीच फरक जाणवत नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड असेल तर ₹५,००० पर्यंत पिनही लागत नाही. फरक पुढच्या दिवसांत असतो. डेबिटमध्ये रक्कम तुमच्या खात्यातून तिथल्या तिथे जाते. क्रेडिटमध्ये दुकानदाराला बँक पैसे देते आणि तुम्हाला महिन्याचं बिल येतं. बिलाच्या चक्रात खरेदी कुठे पडली त्यानुसार साधारण २० ते ५० दिवस बिनव्याजी मिळतात. या मधल्या काळात बाहेर असलेले पैसे तुमचे की बँकेचे, एवढं लक्षात ठेवलं तर बाकीचे बहुतेक फरक आपोआप उलगडतात.

फसवणुकीचंच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत दिलीत तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. चार ते सात दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त ₹१०,००० चा भार. पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डालाही तेवढाच, त्याहून मोठ्या लिमिटला ₹२५,०००. त्यानंतर बँकेचं धोरण लागू होतं. ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. खबर मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची असते.

कागदावर दोन्ही कार्डं जवळपास सारखीच. पण ते दहा कामकाजाचे दिवस, म्हणजे रविवार-सुट्ट्या धरून दोन आठवडे, डेबिटवाल्याचं खातं रिकामं असतं. त्यातच पाच तारखेला घराचा हप्ता असेल तर तो बाउन्स होतो, दंड लागतो आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. क्रेडिट कार्डवर असाच प्रकार झाला तर वादातली रक्कम बिलातली एक ओळ असते. भांडण दोन्हीकडे करावंच लागतं, पण एकीकडे भांडताना घरात किराणा असतो. ऑनलाइन खरेदी, विशेषतः अनोळखी वेबसाइटवरची, क्रेडिटवरच करावी असं मला वाटतं ते यासाठीच.

हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांचंही तेच. गोव्यात स्वतः चालवायला गाडी घेतली किंवा मोठ्या हॉटेलात उतरलात, तर अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डावर तेवढं लिमिट अडकतं. डेबिटवर खरे पैसे अडकतात आणि ते मोकळे व्हायला कधी कधी आठवडा जातो. काही ठिकाणी अनामतीसाठी डेबिट कार्ड घेतच नाहीत.

आता क्रेडिटची काळी बाजू, जी फोनवरचा माणूस सांगत नाही. बिलावर दोन आकडे असतात : एकूण रक्कम आणि ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे निदान भरावीच लागणारी रक्कम, जी बऱ्याचदा एकूण बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. दुसरा आकडा बघून अनेकांना वाटतं, एवढे भरले की झालं. समजा ५ जूनला ₹४०,००० चा लॅपटॉप घेतला, २० जूनला बिल निघालं आणि १० जुलैच्या मुदतीला तुम्ही फक्त ₹२,००० भरले. व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बाजारात हा अपवाद नव्हे. उरलेल्या ₹३८,००० वर व्याज लागतं ते मुदतीपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून. २० जुलैला पुढचं बिल येईल तेव्हा ४५ दिवसांचं व्याज झालं ₹१,९६८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹३५४. एकूण ₹२,३२२. दोन हजार भरून तुम्ही आता ₹४०,३२२ देणं लागता! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी घेतलेल्या औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

या व्याजाला वरची मर्यादाही उरलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. अशा व्याजापुढे कार्डावर मिळणारा एक टक्का कॅशबॅक म्हणजे किस झाड की पत्ती.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड तर काढूच नका. काढल्या क्षणापासून व्याज आणि वर अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क. रोख हवी तेव्हा डेबिटला पर्याय नाही. खरं सांगायचं तर यूपीआय आल्यापासून अनेकांचं डेबिट कार्ड पुन्हा एटीएम कार्डच झालं आहे.

दुकानदाराला यातलं काय आवडतं? क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर त्याला साधारण दोन टक्के बँकेला द्यावे लागतात. रुपे डेबिट आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून ही फी शून्य आहे, आणि इतर डेबिट कार्डांवर ०.९० टक्क्यांची कमाल मर्यादा. म्हणून मोबाइलच्या किंवा सोन्याच्या दुकानात ‘क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के वर’ असं ऐकू येतं. डेबिटची फी ग्राहकाच्या माथी मारू देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर कोडवर वापरता येतं. पण ते दुकानदारांसाठी, मित्राला उसने पाठवायला नाही.

परदेशात दोन्ही कार्डांवर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के जादा घेतात. डेबिटने केलेला खर्च वर्षाच्या अडीच लाख डॉलरच्या परदेशी खर्चाच्या मर्यादेत मोजला जातो, तिथे जाऊन क्रेडिटने केलेला नाही. आठवड्याच्या सहलीला याने फारसं बिघडत नाही.

सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांचा, मुद्दा मात्र विशीतल्या वाचकांनी सोडू नये. डेबिट कार्ड दहा वर्षं नेकीने वापरलंत तरी ३०० ते ९०० च्या त्या स्कोअरमध्ये त्याची नोंद शून्य, कारण तुम्ही कोणाचं काही देणं लागतच नव्हता. कधीच कर्ज न घेतलेला माणूस गृहकर्जाला गेला की बँकेला त्याच्याबद्दल काहीच माहिती नसते. कार्डाचं बिल वेळेवर पूर्ण भरत राहणं हा तो इतिहास तयार करायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. लिमिटच्या तीसेक टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा, असा आडाखा आहे. मुदत चुकलीच तर तीन दिवस हाताशी असतात, त्यानंतरच बँक उशिराचा दंड लावू शकते आणि थकबाकी कळवू शकते.

डेबिटच्या बाजूने एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर दोन लाखांचा अपघात विमा असतो. अट अशी की अपघाताआधीच्या ९० दिवसांत त्या कार्डाने एखादा व्यवहार झालेला असावा. गावाकडे आईचं कार्ड कपाटात पडून असेल तर तीन महिन्यांतून एकदा तरी एटीएममधून शंभर रुपये काढायला सांगा.

मग घ्यायचं की नाही? महिनाअखेरीला खात्यात काही उरत असेल, तर एक क्रेडिट कार्ड घ्या, एकच. ऑटो-डेबिट ‘टोटल ड्यू’वर लावा, फॉर्मवर बऱ्याचदा ‘मिनिमम’वर खूण करून ठेवलेली असते, ती बघा. ऑनलाइन खरेदी, तिकिटं, हॉटेल त्यावर. डेबिट फक्त रोकडीसाठी, आणि बँकेच्या अॅपमध्ये त्याचे ऑनलाइन व परदेशी व्यवहार बंद करून ठेवा. पगार दर महिन्याच्या विसाव्या तारखेलाच संपत असेल, तर यूपीआय आणि डेबिटवरच राहा, फोनवरच्याला नाही म्हणा.

कार्ड आधीच असेल आणि लागोपाठ दोन बिलं पुढे ढकलावी लागली असतील, तर वापर थांबवा, शक्य असेल तर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढून थकबाकी फेडा आणि कार्ड बंद करायचा अर्ज द्या. कार्डावर काही देणं उरलं नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायलाच हवं. नाही केलं तर बँक तुम्हाला दिवसाला ₹५०० देणं लागते. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.