जुनी गाडी: डीलरकडून की थेट मालकाकडून?

डीलरकडे एकाच फेरीत दहा गाड्या बघायला मिळतात, कर्जाचंही तिथेच जमतं. मनस्तापही तिथेच. जाहिरातीतली गाडी ‘आज सकाळीच गेली साहेब’, आणि पुढ्यात आणतात ती लाखभराने महाग. भाव ठरला की फाइल चार्ज, आरटीओचा खर्च अशी एकेक शेपटं निघतात. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं, म्हणजे थंड असताना सुरू करताना ते काय कुरकुरतं ते कळायलाच नको. मीटरवर 38,000 किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत चिखलाची रेघ दिसली तर बाहेरच्या पॉलिशला भुलू नका, गाडी पाण्यात गेलेली असू शकते.

1 एप्रिल 2023 पासून अशा डीलरना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. ते मागून बघा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले की समजून घ्यायचं.

मालकाकडे हे नखरे कमी, भावही बहुतेकदा बरा. सर्व्हिसची बिलं मागता येतात, गाडी कोण चालवायचं ते कळतं. पण वॉरंटी नाही आणि कागद आपणच निस्तरायचे: गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 व बँकेची एनओसी, शिवाय थकलेली ई-चलनं.

ओळखीचा मेकॅनिक सोबत येणार असेल तर मी मालकच गाठेन. आरटीओच्या खेपा घालायला सवड नसेल तर डीलर, पण आरसी नावावर होईपर्यंत थोडे पैसे हातात राखून.