मिश्र समर स्क्वॉशचं बियाणं: वाण पाच, मार्क साडेतीन

पाचात साडेतीन. समर स्क्वॉशचं, म्हणजे कोवळेपणीच भाजी करून खायच्या भोपळ्यांचं, हे बी उत्तम आहे, आठवड्याच्या आत सगळी आळी हिरवी झाली. दीड मार्क कापला तो दुसऱ्याच कारणासाठी. पाकिटामागे गर्द हिरवी झुकिनी, कोस्टाटा रोमानेस्को, वाकड्या मानेचा पिवळा क्रुकनेक, बशीसारखा चपटा पॅटीपॅन आणि झेफर अशी पाच नावं छापली आहेत, पण आतल्या बिया एकजात चपट्या, पांढुरक्या. काही कंपन्या अशा मिश्रणात प्रत्येक वाणाच्या बीला वेगळा खाद्यरंग लावतात. या कंपनीला तेवढंही सुचलेलं नाही. आळ्यात तीन बिया टोचायच्या आणि जोमदार रोप ठेवून बाकीची काढायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काढतोय ती झुकिनी की पॅटीपॅन, हे कसं कळणार? अंगण हातभर असलेल्या माणसाने सहा डॉलर मोजून हा जुगार का खेळावा?

पानांवरून थोडा अंदाज येतो. झुकिनीच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी डाग असतात. ते जातीचं लक्षण आहे, रोग नव्हे. आमच्या गल्लीतल्या एक काकू त्यांना भुरी समजून दूध-पाण्याची फवारणी करत बसल्या होत्या. खरी भुरी बोटाने पुसली जाते, हे डाग पुसले जात नाहीत.

आमच्या मध्य न्यू जर्सीत मे महिन्यातला मदर्स डे उलटून माती कोमट झाल्याशिवाय बी टोचू नये. गार ओल्या मातीत ते कुजतं. आणि दोडक्या-कारल्याच्या सवयीने मांडव घालू नका. याचं झुडूप होतं, वेल नाही. पण प्रत्येकाला तीन फूट जागा मोकळी हवी. पन्नासेक दिवसांत तोडणी सुरू. आधी नुसती नर फुलं येतात तेव्हा घाबरू नका; देठाशी इवलं फळ घेऊन येणारी मादी फुलं मागून येतात. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, त्यामुळे मधमाश्या कमी असतील तर सकाळच्या चहाआधीच नर फूल तोडून मादी फुलात फिरवून या. जास्तीच्या नर फुलांची बेसनात बुडवून भजी करा, आपल्याकडे लाल भोपळ्याच्या फुलांची करतात तशीच.

आता चव. समर स्क्वॉश म्हणजे पाणचट, अशी आपल्या लोकांची तक्रार असते. झुकिनीपुरती मला ती मान्य आहे. कितीही हिंग-मोहरी घाला, कढईत तळं साचतंच. चकत्यांना मीठ लावून, पिळून, बेसन पेरून केली तर बरी लागते. किसून थालीपिठात तर उत्तमच. कोस्टाटाचं मात्र तसं नाही. अंगावर उभ्या फिकट शिरा, आडवी कापली की चकती नक्षीदार, गर घट्ट आणि चवीला किंचित शेंगदाण्याकडे झुकणारा. मुगाची डाळ, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून केलेल्या भाजीत घरच्यांनी दोडकाच समजून खाल्ला. फळं झुकिनीच्या जेमतेम निम्मी लागतात आणि झाड उगाच अवाढव्य पसरतं. तरी एकच वाण लावायचं झालं तर मी हेच लावेन. पॅटीपॅन लिंबाएवढी असताना तोडून दाण्याचं कूट आणि गोडा मसाला भरून भरल्या वांग्यासारखी करावी. शिजूनही आकार सोडत नाही. झेफर पिवळा, टोकाला फिकट हिरवा. दिसायला देखणा, चवीत ठीकठाक. क्रुकनेकच्या बिया लवकर निबर होतात, म्हणून तो कोवळाच उतरवायचा.

या क्रुकनेकबद्दल मला जरा आपुलकी आहे, कारण तो इथला आहे. 1807 साली अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या टिमथी मॅटलॅकने राष्ट्राध्यक्ष जेफर्सनना वाकड्या मानेच्या, चामखिळी अंगाच्या स्क्वॉशच्या बिया पाठवल्या तेव्हा सोबत लिहिलं होतं, की हा न्यू जर्सीचा असून कूपर घराण्याने तो जवळजवळ शंभर वर्षं जपला आहे. क्रुकनेक आणि पॅटीपॅन उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या रानभोपळ्यापासून झाले. झुकिनीचं घराणं मेक्सिकोचं; ओआहाकातल्या गिला नाकिट्झ गुहेत या जातीच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. तिथून ते युरोपात गेलं, 19व्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या आसपास आजची लांबट झुकिनी घडली आणि इटालियन स्थलांतरितांबरोबर ती पुन्हा अटलांटिक ओलांडून आली. दोन्ही घराणी सहा डॉलरच्या एका पाकिटात नांदतात, हे मात्र मला आवडलं.

कीड. जून सरता सरता केशरी-काळा पतंग भरदिवसा खोडापाशी घिरट्या घालू लागला की समजावं. त्याची अळी खोड पोखरते, बुंध्याशी भुसा दिसतो आणि काल टवटवीत असलेलं झाड आज मान टाकतं. पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही. खोडाचा खालचा भाग पातळ कापडाने गुंडाळावा, पानांखालची तांबूस अंड्यांची रांग दिसेल तिथे चिरडावी. ती अंडी पतंगाची नव्हेत, स्क्वॉश बग नावाच्या दुसऱ्या किडीची. पतंगाने फारच छळलं तर ट्रॉम्बोन्चिनो नावाचा स्क्वॉश लावा. तो वेगळ्या जातीतला, खोड भरीव, अळीला सहसा दाद देत नाही. तो मात्र वेल आहे, कुंपणावर खुशाल चढवा.

आणखी एक. यातल्या फळांचं बी धरू नका. झेफर संकरित आहे, आणि बाकीचे आपापसांत, शिवाय शेजारच्या शोभेच्या भोपळ्यांशीही सहज संकर पावतात. त्या बियांतून पुढच्या वर्षी कडूजहर फळ निघू शकतं. काकडी-दुधीचा तुकडा चाखून मगच चिरायची आपल्या आयांची सवय इथेही मोडू नका. कडू लागलं तर थुंकायचं आणि अख्खं फळ कचऱ्यात. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि त्याने पोट भयंकर बिघडतं.

दोघांच्या घराला तीन झाडं रगड होतात. दोन दिवस तोडायला विसरलात तर लाटण्याएवढं फळ पदरात पडतं, आणि ऑगस्टमध्ये ते फुकटसुद्धा कुणी घेत नाही. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या गार जागी ठेवलं तर चारेक वर्षं उगवतं. त्यामुळे एक पाकीट दोन-तीन घरांत वाटून घ्या. आणि जागा कमी असेल तर मिश्रणाच्या नादी न लागता नुसत्या कोस्टाटाचं वेगळं पाकीट मागवा.