यलोस्टोनमध्ये तंबूतल्या सहा रात्री : मॅडिसन आणि कॅनियन कॅम्पग्राउंड

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकून राहायचे ठरले की पहिली काळजी जागा मिळेल की नाही याची लागते. किती रात्रींची जागा घ्यायची, हा अधिक अवघड प्रश्न त्या काळजीत मागे पडतो आणि मिळतील त्या तारखा धरून बहुतेक जण आरक्षण करून मोकळे होतात. आम्हीही पहिल्या खेपेस तेच केले होते : तीन रात्री, तीन वेगवेगळी कॅम्पग्राउंडे. त्या सहलीतले सर्वांत ठळक आठवणारे काय, तर तंबूच्या खुंट्या ठोकणे आणि उपटणे. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सहा रात्री राहिलो, तीन मॅडिसनला आणि तीन कॅनियनला. बरोबर नवरा, नऊ आणि तेरा वर्षांची मुले आणि सांगलीहून आमच्याकडे आलेली, सदुसष्ट वर्षांची माझी आई, असे आम्ही पाच जण होतो. हे परीक्षण या दोन कॅम्पग्राउंडांचे असले तरी त्यातला मोठा भाग मुक्कामाच्या लांबीविषयी आहे, कारण हीच जागा एका रात्रीसाठी गैरसोयीची आणि तीन रात्रींसाठी उत्तम ठरू शकते, हे आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

आधी अंतरांचा हिशेब. उद्यानातला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा (मराठी ८ डोळ्यांसमोर आणल्यास वाट चुकेल) असून त्याची एकूण लांबी १४२ मैल आहे. खालचे वर्तुळ ९६ मैलांचे आणि वरचे ७० मैलांचे. आकडे वाचून वाटते की दोन दिवसांत दोन वर्तुळे सहज होतील. प्रत्यक्षात कमाल वेगमर्यादा ताशी ४५ मैल आहे आणि बायसनांचा कळप रस्त्यावर आला की ती मर्यादाही निरर्थक ठरते. हे जनावर गव्यासारखे धिप्पाड असते, त्याला घाई नसते आणि त्याच्यापासून किमान २५ यार्ड दूर राहण्याचा नियम असल्यामुळे गाडीत बसून वाट पाहण्यावाचून काहीही करता येत नाही. सोळा मैलांना आम्हाला एकदा दोन तास लागले.

तीन रात्री म्हणजे पूर्ण दिवस दोनच, आणि त्यांतही मुक्काम हलवला तर तो दिवस निम्मा संपतो. सकाळी दवाने ओला झालेला तंबू वाळू द्यायचा, सामान बांधायचे, पुढच्या ठिकाणी रांगेत उभे राहून क्रमांक घ्यायचा, आधीचे लोक निघून जागा रिकामी होईपर्यंत थांबायचे आणि दुपारच्या गडगडाटी पावसाच्या आत पुन्हा सगळे उभे करायचे, यात सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंतचा वेळ कुठे जातो ते समजत नाही. पहिल्या खेपेचे हे वर्णन आईला फोनवर ऐकवले होते तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, फिरायला गेला होतात की बिऱ्हाड हलवायला?” या वेळी मुक्काम एकदाच हलवायचा, हे त्या वाक्यामुळे ठरले.

मॅडिसन आधी आणि कॅनियन नंतर, हा क्रमही विचारपूर्वक ठेवला होता. मॅडिसन सुमारे ६,८०० फुटांवर आहे, कॅनियन सुमारे ७,९०० फुटांवर. शिकागोसारख्या सपाट शहरातून येणाऱ्याला पहिल्या रात्री डोके जड होणे, झोप तुटक लागणे हे प्रकार होतात, आणि ते अकराशे फूट खाली झालेले बरे. शिवाय बोझमनच्या विमानतळावरून येताना पश्चिमेच्या प्रवेशद्वारापासून मॅडिसन अवघे चौदा मैल आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी उजेडात तंबू लागतो.

फायरहोल आणि गिबन या दोन नद्या एकत्र येऊन मॅडिसन नदी सुरू होते, तिथेच पाइनच्या झाडीत हे कॅम्पग्राउंड आहे. जागा अडीचशेहून अधिक आहेत, पण झाडांमुळे गर्दी अंगावर येत नाही. फ्लशचे संडास आणि नळाचे पाणी आहे. अंघोळीची सोय मात्र नाही. तीन रात्रींसाठी हे चालून जाते, आणि त्याहून अधिक राहायचे असल्यास ही उणीव गंभीर आहे. जनरेटर फक्त दिवसा, ठरलेल्या वेळेतच चालवता येतो, परंतु शेजारच्या मोठ्या गाडीवाल्याने त्या वेळेतला एकही क्षण वाया घालवला नाही. संध्याकाळी नदीकाठच्या कुरणात एल्क (मोठ्या जातीची हरणे) चरायला येतात, ते पाहायला आई रोज एकटीच जाऊन बसत असे, अर्थात नियमाचे अंतर राखून.

इथे तीन रात्री का, याचे उत्तर सोळा मैल दक्षिणेला आहे. ओल्ड फेथफुल हे गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे उष्ण पाण्याचे कारंजे, पाहून पुढे निघायचे असेल तर तासाभरात काम होते, कारण ते साधारण दीड तासाने एकदा उसळते आणि वेळ फलकावर लिहिलेली असते. (गीझर म्हटल्यावर आईला न्हाणीघरातला तांब्याचा बंबच आठवला, आणि कल्पना काही चुकीची नव्हती.) पण त्याच परिसरात रिव्हरसाइड गीझर आहे, जे सुमारे सहा तासांनी एकदा नदीवर कमान धरते आणि वीसेक मिनिटे धरून ठेवते, ग्रँड गीझरही काही तासांच्या अंतराने, कधी कधी दोनशे फुटांपर्यंत जाते. या दोन्ही वेळा गाठायच्या तर पूर्ण दिवस तिथेच काढावा लागतो. दुसरा दिवस ग्रँड प्रिझ्मॅटिक स्प्रिंगसाठी ठेवावा, आणि तिथे भल्या सकाळी जाऊ नये. गार हवेत वाफ इतकी दाटते की त्या कुंडाचे निळे-नारिंगी रंग दिसतच नाहीत. पहिल्या खेपेला आम्ही सकाळी सातला तिथे उभे राहून केवळ धुके पाहिले होते. दुपारी, ऊन चढल्यावर, फेअरी फॉल्सच्या वाटेवरील उंचवट्यावरून ते पाहिले तेव्हा कुठे छायाचित्रे खोटी नसतात याची खात्री पटली.

चौथ्या दिवशी मुक्काम हलवला. वाटेत नॉरिसचे उष्ण झऱ्यांचे खोरे लागते, म्हणून स्थलांतराचा दिवस पूर्ण वाया गेला नाही. मॅडिसन ते नॉरिस चौदा मैल आणि नॉरिस ते कॅनियन बारा.

कॅनियनचे कॅम्पग्राउंड सोयींनी सरस आहे. गरम पाण्याचे शॉवर आहेत, कपडे धुण्याची यंत्रे आहेत, किराणा दुकान जवळ आहे, आणि ३०८ फुटांचा लोअर फॉल्स हा धबधबा गाडीने काही मिनिटांवर. थंडी मात्र अपेक्षेपेक्षा बरीच जास्त होती. ऑगस्टच्या मध्यावर पहाटे तंबूवरचे दव गोठलेले होते, आणि गावातल्या एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या स्लीपिंग बॅगची चेन त्याच रात्री तुटली. आईसाठी रात्री संडासापर्यंत बॅटरी घेऊन चालत जाणे ही सर्वांत मोठी अडचण होती. वयस्क माणूस बरोबर असल्यास आरक्षणाच्या वेळी आणि पोहोचल्यावर संडासाजवळची जागा आवर्जून मागावी. आम्हाला ती मॅडिसनला नाही, कॅनियनला मिळाली.

स्वयंपाकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुक्काम किती लांबवता येईल हे आपल्याकडे पोटावरच ठरते. आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. तीन लिटरचा कुकर बॅगेतून नेला होता म्हणून वरण-भात झाला. गॅसचे डबे आणि अस्वलापासून बचावाचा बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, ते बोझमनला विकत घ्यावे लागतात. अस्वले वासाने येतात म्हणून खाद्यपदार्थच नव्हेत तर टूथपेस्ट, साबण, धुतलेली रिकामी पातेलीसुद्धा वापरात नसताना गाडीत किंवा जागेवरच्या लोखंडी पेटीत बंद करून ठेवावी लागतात, आणि कर्मचारी फिरून तपासतात. हिंग-मोहरीची फोडणी आम्ही पहिल्याच दिवशी रद्द केली. मेतकूट-भात, थालीपिठाची भाजणी आणि घरी भाजून नेलेला सांज्याचा रवा यांवर सहा दिवस निघाले. सातव्या दिवशी मुलांनी बंड केले असते.

कॅनियनला तिसरी रात्र घ्यावी की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला होता, आणि तिचे समर्थन उद्यानाच्या ईशान्येकडील लामार खोऱ्याने केले. १९९५ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे याच परिसरात सोडले गेले, आणि आज ते दिसण्याची शक्यता पहाटेच अधिक असते. कॅनियनहून ८,८५९ फुटांची डनरेव्हन खिंड ओलांडून अंधारात निघावे लागते. मॅडिसनहून हेच अंतर दुपटीच्या आसपास पडते आणि पहाट गाठणे कठीण होते. पहिल्या पहाटे खोऱ्यात धुके होते, बायसनांचे हुंकार ऐकू आले आणि आम्ही परतलो. दोनच रात्री घेतल्या असत्या तर लामारचा हिशेब तिथेच संपला असता. दुसऱ्या पहाटे एका अनोळखी गृहस्थांनी आपल्या दुर्बिणीतून आईला दूरच्या उतारावरचे दोन करडे ठिपके दाखवले. ठिपकेच ते, पण चालत होते. त्या दिवशी दुपारी आम्ही काहीही केले नाही : कपडे धुतले, मुलांनी उद्यानाच्या मुलांसाठीच्या ‘ज्युनिअर रेंजर’ उपक्रमाची पुस्तिका पूर्ण करून बिल्ले मिळवले.

नियमांचे बंधन या निर्णयात फारसे आड येत नाही. १ जुलैपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे लेबर डेपर्यंत, चौदा दिवस राहता येते, एरवी तीस. आम्ही गेलो तेव्हा खासगी गाडीचा प्रवेश ३५ डॉलरचा होता आणि तो सात दिवस चालतो. सहा रात्री त्यात नेमक्या बसतात, सातवी घेतली तर निघण्याच्या दिवसाचा हिशेब नीट करावा लागतो. सुटीच्या मोसमातल्या जागा कित्येक महिने आधी भरतात, म्हणून रात्रींची संख्या आरक्षणापूर्वीच पक्की असावी. तिथे पोहोचून एक रात्र वाढवू, हा मार्ग जवळपास बंद समजावा.

ज्यांच्याकडे तीनच रात्री आहेत त्यांनी त्या तिन्ही मॅडिसनला काढाव्यात आणि लामार सरळ सोडून द्यावे. चार रात्री असल्या तरी मी मुक्काम हलवणार नाही. पाच हा आकडा मला फसवा वाटतो, कारण त्यात कॅनियनला एकच पूर्ण दिवस उरतो आणि तो धुक्याच्या मर्जीवर असतो. सहा रात्री, तीन अधिक तीन, ही वाटणी कुटुंबासाठी योग्य आहे. गुण द्यायचे तर मॅडिसनला पाचपैकी चार, कॅनियनला साडेतीन. ते अर्धे थंडीचे कापले आहेत, दोष कॅम्पग्राउंडचा नसला तरी.

पुढच्या वेळी सप्टेंबरमध्ये, एल्कच्या माजाच्या दिवसांत, फक्त मॅडिसनला चार रात्री राहायचा बेत आहे. आईने आतापासूनच विचारून ठेवले आहे की खुर्ची विमानात चालते का.