दार्जिलिंगच्या मळ्यातलं ते शांत घर जागेवर नव्हतंच

दार्जिलिंगच्या सहलीत आमचे ३८ हजार रुपये गेले. त्यातले ९ हजार परत मिळाले. मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू झाली आहेत, आणि ज्या शब्दांवर आम्ही भुललो तेच शब्द परवा पुन्हा एका जाहिरातीत दिसले: 'गर्दीपासून दूर, चहाच्या मळ्याच्या मधोमध.' म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सांगलीचे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्याआधीच्या दिवाळीत महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात गाडी चार तास जागची हलली नव्हती, आणि त्या चार तासांत त्यांचे जे हाल झाले ते मी विसरलेले नाही. त्यामुळे पुढची सहल गर्दीत करायची नाही, हे घरात ठरलेलं होतं. "आयुष्यभर चहा प्याले, चहाचं झाड एकदा डोळ्यांनी बघू दे," एवढीच त्यांची मागणी होती. दार्जिलिंगला मे-जूनमध्ये आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही मार्चचा पहिला पंधरवडा निवडला. दार्जिलिंग गावात राहण्याऐवजी टकदाहच्या बाजूला राहायचं ठरवलं. टकदाह साधारण तीस किलोमीटरवरचं जुनं छावणीचं गाव, आजूबाजूला चहाचे मळे. इथपर्यंत काहीच चुकलं नव्हतं, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच दिवस आणि हीच बाजू सुचवेन.

होमस्टे आम्हाला जाहिरातीतून मिळालं. फोनवरचा माणूस हिंदीत अतिशय अदबीने बोलायचा. सासूबाईंना 'माताजी' म्हणायचा. खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, कमोड आहे, शेजारी दुसरं घर नाही, असं सांगायचा. आम्ही जे विचारू ते त्याच्याकडे असायचंच. लोकांचे अभिप्राय कुठे दिसत नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, "आम्ही जाहिरात फार करत नाही मॅडम, म्हणून तर इथे शांतता आहे." मला ते पटलं. आता विचार करते तेव्हा जाणवतं की आम्हाला गर्दी नको होती, आणि नेमकी तीच इच्छा त्याने आमच्यापुढे मांडून ठेवली होती. जिथे फारसं कुणी जात नाही तिथली खात्री करून घ्यायलाही कुणी नसतं. पुरावा नव्हता, आणि त्यालाच आम्ही त्या जागेचं वैशिष्ट्य समजून बसलो.

जानेवारीत १४ हजार आगाऊ भरले. आठवड्याने त्याने 'मळ्यात प्रवेशाच्या परवान्याची अनामत' म्हणून ५ हजार मागितले, जाताना परत मिळणारे. आमच्या मनात पाल चुकचुकली होती. तेवढ्यात त्याने एक फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं 'आज सकाळचा'. हिरव्यागार उतारावर पाठीवर टोपल्या घेऊन बायका पानं खुडत होत्या. तो फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आम्ही पैसे पाठवले.

मुंबईहून विमानाने बागडोगरा, तिथून भाड्याच्या गाडीने सेवक आणि तीस्ता बाजारवरून वर. त्याने पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. रस्त्याच्या एका बाजूला खडा उतार आणि त्यावर चहाची झुडपं, दुसऱ्या बाजूला झाडी. घर नाही, पाटी नाही. ड्रायव्हरदाजू (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) त्याच भागातले होते, ते म्हणाले, "इथे कधीच घर नव्हतं." सासूबाई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या, अंधार पडत होता आणि बाहेर हात गारठत होते.

फोन लागला, हे आमचं आणखी मोठं दुर्दैव. तो म्हणाला की पाण्याची लाईन फुटल्यामुळे घर बंद ठेवावं लागलं, मनापासून माफी मागतो, पूर्ण १९ हजार आत्ता लगेच परत करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला. 'हा स्कॅन करा, १९,००० टाका, पिन टाका, पैसे जमा होतील.' नवरा बँकेचे व्यवहार रोज करणारा माणूस आहे. पण थकलेला होता, आईची काळजी होती, आणि अनोळखी रस्त्यावर उभा होता. त्याने पिन टाकला. १९ हजार आणखी गेले.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः प्रवासाला निघताना, पुन्हा सांगा. आम्हाला ते माहीत होतं आणि तरीही त्या क्षणी आठवलं नाही.

ड्रायव्हरदाजूंनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका दीदींच्या घरी नेलं. त्यांनी काही न विचारता आधी शेगडी पेटवून सासूबाईंना जवळ बसवलं. नंतर चहा पिताना मी त्यांना तो 'आज सकाळचा' फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, हा कधी आला? जानेवारीत, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. दार्जिलिंगच्या मळ्यांत थंडीत खुडणी बंद असते. झाडं निजलेली असतात, त्या दिवसांत त्यांची छाटणी करतात. नवी पालवी फुटते ती फेब्रुवारीच्या शेवटाला, मार्चात, आणि तिलाच फर्स्ट फ्लश म्हणतात. जानेवारीत टोपल्या घेऊन बायका उतारावर दिसणारच नाहीत. रात्री मी तो फोटो गूगलवर टाकून शोधला, तर तो मुन्नारच्या एका हॉटेलच्या पानावर निघाला. केरळातला मळा आम्हाला दार्जिलिंगचा म्हणून दाखवला होता. हा शोध घ्यायला अर्धं मिनिट लागलं. जानेवारीत ते अर्धं मिनिट मी दिलं नाही.

त्याने पाठवलेलं बिल काढून बघितलं. त्यावर जीएसटी क्रमांक होता, आणि त्यानेच आम्हाला जानेवारीत धीर आला होता. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. पश्चिम बंगालचे १९, आपले २७. या बिलावर ०८ होते, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. शिवाय वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या घराला ही नोंदणी घ्यावीच लागते असं नाही, त्यामुळे दोन-तीन खोल्यांच्या घराचं जीएसटी बिल हाती आलं तर उलट जास्त नीट तपासावं. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नावही भलतंच होतं. 'ते माझ्या मेहुण्याचं खातं आहे,' असं तो म्हणाला आणि आम्ही ऐकलं.

दीदींच्या मुलाने आम्हाला त्याच रात्री १९३० वर फोन करायला लावला. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे गेल्यापासून तासाभराच्या आत आम्ही बोललो होतो, म्हणून शेवटच्या १९ हजारांपैकी ९ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. जानेवारीतले १९ हजार केव्हाच निघून गेले होते. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली, व्यवहाराचे क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले, सांगलीला परतल्यावर बँकेत लेखी अर्ज दिला. ते ९ हजार हातात यायला पाच महिने गेले. लाजेपोटी रात्रभर गप्प बसलो असतो तर तेही मिळाले नसते.

राहिलेले चार दिवस आम्ही दीदींकडेच काढले. दर तोच जो टकदाहला इतरांचा होता, पैसे निघताना दिले. सूर्योदय बघायला टायगर हिलच्या पहाटेच्या रांगेत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ झालं आणि अंगणातूनच कांचनजंगा दिसली. सासूबाईंनी रस्त्याच्या कडेच्या झुडपाची कोवळी दोन पानं आणि कळी बोटांत धरून बघितली, तोडली नाही. मळ्यातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर आम्हाला कुणीही परवाना विचारला नाही.

ज्यांनी मे महिन्यासाठी अशा एखाद्या शांत घराचे पैसे आधीच भरले असतील, त्यांनी आजच त्या घराच्या मालकाला दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करायला सांगा. गेटपासून खोलीपर्यंत चालत दाखवा म्हणा, गावातल्या दुकानाची पाटी दाखवा म्हणा. खरा मालक रेंज नाही म्हणून उद्या करेल, पण करेल. पर्यटन खात्याकडचा नोंदणी क्रमांक विचारा. जवळच्या दुसऱ्या होमस्टेला फोन लावून हे घर ओळखता का ते विचारा. डोंगरात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि आमच्या दीदींनी त्या नावाचं घर टकदाहला नाही हे एका वाक्यात सांगितलं असतं. टाळाटाळ झाली, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, परताव्याचा कोणताही कोड स्कॅन करू नका, फोन ठेवा आणि १९३० लावा.