द्राक्षकुळाचा वंशवृक्ष: दोन जनुकं की अख्खा क्लोरोप्लास्ट जीनोम?

नाशिकात द्राक्षावर काम करणारे पुष्कळ आहेत. द्राक्षकुळावर काम करायचं तर मात्र मळ्याबाहेर पडून त्र्यंबकच्या डोंगरांकडे जावं लागतं. कांडवेल, आंबटवेल ही द्राक्षाचीच भावंडं. दिंड्याला काहीजण या कुळात घेतात, काहीजण वेगळा काढतात. असली नाती लावायला बसलात की पहिला प्रश्न हाच येतो: दोन जनुकं वाचायची की क्लोरोप्लास्टचा, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांचा, अख्खा जीनोम (सगळा डीएनए)?

आरबीसीएल आणि मॅटके ही क्लोरोप्लास्टमधल्या जनुकांची जोडी 2009 पासून वनस्पतींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून शिफारशीत आहे. खर्च कमी, कॉलेजच्या पीसीआर मशिनवर (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर) काम होतं, तुलनेला तयार माहितीही भरपूर. नुसता नमुना ओळखायचा असेल तर बहुतेक वेळा एवढं पुरतं.

माझं घोडं अडलं ते मॅटकेच्या प्रायमरपाशी, म्हणजे प्रती काढायला जिथून सुरुवात होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यापाशी. प्रती निघाल्या का ते दाखवणाऱ्या जेलवर द्राक्षाचा बँड (पट्टा) ठसठशीत, शेजारच्या रानवेलीची लेन कोरी. तापमान बदला, मॅग्नेशियम कमी-जास्त करा, नवे प्रायमर मागवा. आठवडे जातात आणि तक्त्यात भोकं उरतातच. तीही नेमकी ज्या जातींसाठी खटाटोप मांडला त्यांच्याच रकान्यात. आरबीसीएल मिळतं, पण ते इतकं सावकाश बदलतं की जवळच्या जाती त्यात सारख्याच दिसतात.

अख्ख्या क्लोरोप्लास्ट जीनोमला हे प्रायमर लागतच नाहीत. पानातला सगळा डीएनए वरवर सीक्वेन्स करायचा, म्हणजे त्याची अक्षरं वाचायची. क्लोरोप्लास्टच्या प्रती मुबलक असल्याने त्याच्या जीनोमचं वर्तुळ बहुधा जुळून येतं. पडताळायला द्राक्षाचा 1,60,928 अक्षरांचा जीनोम 2006 पासून प्रसिद्ध आहेच. वायसीएफ-1 सारखी भराभर बदलणारी जनुकं, जनुकांमधल्या मोकळ्या जागा, उलट्या पुनरावृत्तींच्या (जीनोममध्ये उलट दिशेने पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या) सरकलेल्या सीमा असं सगळं एकदम हाती येतं. शिवाय त्याच डेटातून पेशीच्या केंद्रकातलं आयटीएस (नाती लावायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) हेही निघतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. क्लोरोप्लास्ट बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतो. त्यामुळे जुना संकर झाला असेल तर एकट्या क्लोरोप्लास्टवरून काढलेल्या वंशवृक्षावर तो दिसत नाही. आयटीएसचा वंशवृक्ष शेजारी ठेवला की विसंगती लगेच डोळ्यांत भरते.

पैसे जास्त लागतात, संगणकावर बसणारं माणूसही लागतं. द्राक्षात एक मेख आहे: क्लोरोप्लास्ट जीनोमचा सुमारे 42 टक्के भाग त्याच्या मायटोकॉन्ड्रियातही (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतही) शिरलेला आहे, म्हणून जुळणी करताना कव्हरेज (प्रत्येक अक्षर किती वेळा वाचलं गेलं ते) बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बजेट तोकडं असेल तर मी जाती कमी घेईन, पण घेतलेल्यांचा जीनोम पूर्ण करीन. पानं कोवळी घ्या आणि खुडल्या खुडल्या सिलिका जेलमध्ये टाका; या कुळातला चिकट रस दोन्ही पद्धतींत सारखाच छळतो.